रस्सा तोच, नाक वेगळं

मामांचं मिसळीचं दुकान मखमलाबादच्या अंगाला आहे. यापेक्षा जास्त पत्ता द्यायचा नाही, ही त्यांची अट. "नाव छापलंस की लोक परत जुनं उकरत बसतील," म्हणाले आणि बाकी सगळं लिहायची मोकळीक दिली. नाशिकच्या मिसळीचा रविवार ज्यांनी पाहिलाय त्यांना नाव लागणारही नाही. पत्र्याची शेड, चुलीवर उकळणारा रस्सा, झाडाखाली बाकडी, गाड्या लावायला मोकळी जागा, ताटात पापड आणि दही, शेवटी जिलेबी. आणि रस्सा पाहिजे तेवढा. हे शेवटचं ध्यानात ठेवा, पुढे त्यावरून बरंच महाभारत झालं.

मी भाचा. पुण्यात सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करतो. मार्च २०२० मध्ये लॅपटॉप आणि दोन जोडी कपडे घेऊन नाशिकला आलो, तो दीड वर्ष तिथेच राहिलो. दुकानाचं गूगल मॅपवरचं पान कुणा गिऱ्हाइकानेच कधीतरी तयार करून ठेवलं होतं. मामांनी ते उघडूनही पाहिलं नव्हतं. मी ते रीतसर ताब्यात घेतलं आणि धंद्याच्या सवयीने प्रत्येक रिव्ह्यूची नोंद ठेवायला लागलो: तारीख, स्टार किती, तक्रार कशाची, आणि त्या दिवशी शहरात नियम काय होता. शेवटचा रकाना मी सहज घातला होता. पण दोन वर्षांनी सगळा तक्ता वाचला तेव्हा कळलं की बाकीचे रकाने त्या एका रकान्याशिवाय वाचताच येत नाहीत. एक स्टार दिसतो, तो मिसळीला आहे की त्या आठवड्यातल्या सरकारी आदेशाला, हे स्टारवर लिहिलेलं नसतं.

कुलूप आणि पत्रे

टाळेबंदीच्या आधी दुकानाचं रेटिंग ४.४ होतं. आठवड्याला दहा-बारा रिव्ह्यू यायचे, बहुतेक सोमवारी, म्हणजे रविवारच्या गर्दीनंतर. 'तर्री एक नंबर', 'पार्किंग मस्त', 'वेटिंग फार' अशा धाटणीचे. लोक रिव्ह्यू लिहितात ते सहसा खूप आवडलं किंवा डोकं फिरलं म्हणून. 'ठीक होतं' हे लिहायला फोन कोण काढतो? त्यामुळे पाच आणि एक यांची गर्दी असते आणि मधले आकडे ओस पडलेले असतात. हे सगळीकडचंच आहे. मिसळीच्या दुकानात ते जास्त दिसतं, कारण इथे ज्याला तिखट सोसत नाही तोही खुन्नस काढतो.

२२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला, २४ ला रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि चूल विझली. त्याच सुमारास गूगलने जगभर नवे रिव्ह्यू आणि त्यांना द्यायची उत्तरं काही काळ थांबवली होती. त्यांच्याकडेही माणसं कमी पडत होती आणि दवाखान्यांसारख्या ठिकाणांची माहिती आधी सांभाळायची होती. पुढे देशानुसार, धंद्यानुसार ते हळूहळू सुरू झालं. तोवर माझ्या तक्त्यात कित्येक आठवडे एकही ओळ नाही. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे लोक विसरले नाहीत आपल्याला?" मोठा दिलासा मिळाला त्यांना त्या बंदीने.

अमेरिकेत येल्प नावाचं रिव्ह्यूंचं संकेतस्थळ फार चालतं. त्यांनी मार्च २०२० मध्येच दोन गोष्टी चालणार नाहीत असं जाहीर केलं होतं. अमुक दुकानामुळे मला कोविड झाला असा दावा करायचा नाही. आणि एरवी उघडं असणारं दुकान साथीत बंद सापडलं म्हणून वाईट लिहायचं नाही. आमच्याकडे पुढे हे दोन्ही प्रकार आले, जणू कुणी ती यादी वाचूनच लिहायला बसलं होतं.

पहिला जूनमध्ये आला. 'मॅपवर ओपन दाखवतंय, येऊन बघितलं तर कुलूप. पेट्रोल वाया.' एक स्टार. तो माणूस खरंच बोलत होता. पान ताब्यात घेतलं होतं, पण 'तात्पुरतं बंद' हे बटण दाबायचं मी विसरलो होतो. मामांना ते बटण दाबणं अपशकुनासारखं वाटेल म्हणून टाळलं असंही म्हणता येईल. ती चूक पूर्णपणे आमची होती आणि तो स्टार आमच्या हक्काचा होता. तसं उत्तरही लिहिलं.

दुसरा जुलैत. शेजारच्या इमारतीत रुग्ण सापडला आणि महापालिकेने बांबू-पत्रे ठोकून ती बंद केली. दुकानाची एक कड त्या पत्र्यांना लागून होती. कुणीतरी रस्त्यावरून फोटो काढला, 'इथे पेशंट निघालाय, कोणी पार्सल मागवू नका' असं लिहिलं आणि एक स्टार दिला. हा माणूस दुकानात आला नव्हता, पार्सलही नेलं नव्हतं. पण त्याची भीती अगदीच हवेतली नव्हती. एप्रिलमध्ये दिल्लीत मालवीय नगर भागात पिझ्झा पोचवणारा एक मुलगा बाधित निघाला आणि ७२ कुटुंबांना घरात बसावं लागलं, ही बातमी गल्लीगल्लीत पोचली होती. मी रिव्ह्यूची तक्रार केली, आठवड्याभरात तो निघाला. त्याचा स्क्रीनशॉट मात्र कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत राहिला, आणि तिथे तक्रारीचं बटण नसतं.

आता माझं पाप. चिडलेल्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलं, 'सगळ्यांनी पाच स्टार द्या रे.' लिंक कशी पाठवायची ते त्यांना येत नव्हतं, मी पाठवली. दोन दिवसांत जळगावपासून कल्याणपर्यंतच्या नातेवाइकांनी पाचाचा पाऊस पाडला. त्यातल्या एका मावशी तर तिखट खातच नाहीत. योगायोग असा की त्याच महिन्यात, २३ जुलै २०२० ला, ग्राहक संरक्षण कायद्याखाली ई-कॉमर्सचे नियम आले. ऑनलाइन विकणाऱ्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू लिहू नयेत, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. मिसळीचं दुकान त्या व्याख्येत बसतं की नाही, यावर वकील वाद घालतील. मला तो वाद घालायचा नाही, आम्ही केलं ते खोटंच होतं. त्याची फेडही लवकर झाली. ऑगस्टमध्ये एकाने लिहिलं, 'पाच स्टारवाल्यांची आडनावं बघा, सगळं एकाच लग्नातलं वऱ्हाड आहे.' त्या रिव्ह्यूला बऱ्याच जणांनी अंगठे दिले. मी सगळ्यांना आपापले स्टार काढायला लावले. मावशींना काढता येईना, त्यांचा अजून आहे.

मिठाचा प्रश्न

सप्टेंबर २०२० मध्ये देशातली पहिली लाट शिगेला होती, तेव्हा मामांना कोविड झाला. ताप तीन दिवस, खोकला, घरातल्या मागच्या खोलीत मुक्काम. मामी आणि आमचे आचारी नानाकाका निगेटिव्ह आले. दुकान बंदच ठेवलं. ५ ऑक्टोबरपासून राज्यात हॉटेलांना निम्म्या क्षमतेने गिऱ्हाईक बसवायची परवानगी मिळाली आणि आम्ही बाकडी एकाआड एक उलटी करून चूल पेटवली. मामा खडखडीत बरे होते. सहा महिन्यांनी माणसं बसून मिसळ खाताहेत, हे बघून त्यांचे डोळे भरून आले.

पुढच्या दोन आठवड्यांत रिव्ह्यू आले ते असे: 'मिसळ खारट.' 'नुसता तिखटाचा भडका, मसाला लागतच नाही.' 'पूर्वीची चव राहिली नाही, आचारी बदलला का?' यातले दोघे आमचे जुने गिऱ्हाईक, नावानिशी ओळखीचे. मामांनी नानाकाकांना झापलं. नानाकाका म्हणाले, "मालक, मीठ तुम्हीच वाढवायला सांगता." खरंच होतं. आमच्याकडे पहाटे रस्सा उतरायच्या आधी मामा पळीने हातावर थेंब घेतात, आधी वास घेतात, मग चाटतात. त्यांच्या होकाराशिवाय पातेलं हलत नाही. गेली वीस वर्षं हेच चाललंय.

उलगडा स्वयंपाकघरात झाला. मामींनी दूध तापायला ठेवलं आणि त्या अंगणात गेल्या. मामा शेजारीच पेपर वाचत बसले होते. दूध उतू गेलं, करपलं, धूर झाला. मामी धावत आल्या. "अहो, तुम्हाला वास नाही आला?" मामा म्हणाले, "कसला?"

महिना होऊन गेला होता आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही पुरतं कळलं नव्हतं, कारण जेवताना 'चव लागतेय' असंच वाटायचं. इथे थोडं शास्त्र लागतं. जिभेला कळतं ते खारट, आंबट, गोड, कडू असं मोजकंच. तिखटपणा तर चवच नव्हे, ती आग असते आणि वेगळ्या नसेने कळते. ज्याला आपण 'मसाल्याची चव' म्हणतो ती जवळजवळ सगळी नाकाची करामत असते. घास तोंडात असताना त्याचा वास घशाच्या मागून नाकात चढतो. हा विषाणू नाकाच्या वरच्या भागात वास ओळखणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्या पेशींवर बसतो, आणि मग तो सगळा कारभार ठप्प होतो. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने वास आणि चव जाणं लक्षणांच्या यादीत घातलं ते १३ जून २०२० ला. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत येतो, काहींचे महिने जातात.

आता काळ्या मसाल्याचा विचार करा. भाजलेला कांदा, खोबरं, धणे, दगडफूल, लवंग, मसाला वेलची. यातलं जिभेला कळणारं जवळपास काहीच नाही, सगळं नाकासाठी. वास गेलेल्या माणसाला अशा रश्श्यात फक्त दोन गोष्टी सापडतात, मीठ आणि तिखट. त्याला रस्सा अपुरा लागतो आणि तो हात घालतो तो याच दोन डब्यांत. मामांनी नेमकं तेच केलं होतं. 'भडका आहे, मसाला लागत नाही' हे गिऱ्हाइकाचं वाक्य म्हणजे मामांच्या नाकाचा रिपोर्टच होता.

तेव्हापासून पहाटेची पळी मामींकडे गेली. मामा आठ दिवस धुसफुसले. "वीस वर्षं मी काय झक मारली?" असंही म्हणून झालं. पण खारटची तक्रार नोव्हेंबरात बंद झाली.

त्या रिव्ह्यूंना उत्तर काय द्यायचं, यावर घरात भांडण झालं. माझं म्हणणं, खरं लिहू या. मामा म्हणाले, "मालकाला कोरोना झाला होता असं लिहिलंस तर उद्या चूल पेटवायची गरज नाही." पत्र्यांचा स्क्रीनशॉट आम्ही विसरलो नव्हतो. शेवटी लिहिलं, 'मीठ जास्त पडत होतं, दुरुस्त केलं आहे, पुन्हा या.' अर्धं खरं. आज मला वाटतं, त्या ऑक्टोबरात मामांचंच बरोबर होतं. पुढे २०२२ मध्ये मी पूर्ण उत्तर टाकलं तेव्हा त्याच जुन्या गिऱ्हाइकांनी दुकानात येऊन मामांची थट्टा केली.

वास नसलेला एप्रिल

मार्च २०२१ च्या अखेरीस नाशिकच्या बाजारपेठांत शिरायला माणशी ५ रुपयांची पावती लागायला लागली. तासाभरात बाहेर पडायचं, नाही तर ५०० रुपये दंड. मेन रोडवर जाऊन आलेला माणूस ती पावती दाखवत फिरायचा. ५ एप्रिलपासून बसून खाणं पुन्हा बंद झालं, फक्त पार्सल. मग जे झालं ते नाशिककरांना सांगायला नको. २१ एप्रिलला महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि किमान २२ रुग्ण गेले. त्या आठवड्यात माझ्या फोनवर बेड, ऑक्सिजन, इंजेक्शन याशिवाय एकही मेसेज नव्हता. अशा दिवसांत कुणी मिसळीला किती स्टार दिले याची नोंद करताना मला स्वतःचीच लाज वाटायची. तरी केली.

माझ्या एका मित्राचं औषधांचं दुकान आहे. त्याला त्या पंधरवड्यात आयुष्यात मिळाले नव्हते तेवढे एक स्टार मिळाले. सगळ्यांचा मजकूर एक: इंजेक्शन नाही म्हणाला. त्याच्याकडे ते येतच नव्हतं, तो देणार कुठून? तो एकाही रिव्ह्यूला उत्तर द्यायला तयार नव्हता. म्हणाला, "ज्याने लिहिलंय त्याच्या घरचं कोण आत आहे, मला काय माहीत? लिहू दे त्याला." रिव्ह्यूंबद्दल त्या दोन वर्षांत ऐकलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य. माझ्या तक्त्यात त्याला जागा नव्हती.

आमच्याकडे एप्रिल-मे मिळून नऊ रिव्ह्यू आले. एरवी एवढे आठवड्यात यायचे. जे खूश होते ते गप्प होते. त्यांना दुसरे उद्योग होते, आणि पार्सल घरी नेऊन खाणाऱ्याला 'वा!' लिहावंसं वाटतही नाही. नऊपैकी पाच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत लिहिली: 'अळणी', 'चवच नाही', 'नुसतं तिखट पाणी', 'मसाला टाकायचा विसरले काय', आणि एकाचं 'वासच येत नाही मिसळीला'.

मामांनी हे वाचलं आणि पहिली नजर मामींच्या पळीकडे गेली. मामी चिडल्या. त्यांचं नाक शाबूत होतं, नानाकाकांचं होतं, माझंही होतं. तिघांनी चाखलं, रस्सा नेहमीचाच होता.

तेव्हा मला मेणबत्त्या आठवल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत कुणाच्या तरी लक्षात आलं की अ‍ॅमेझॉनवर सुगंधी मेणबत्त्यांच्या रिव्ह्यूंत 'हिला वासच नाही' अशा तक्रारी वाढल्या आहेत. केट पेट्रोव्हा या संशोधक मुलीने त्या रिव्ह्यूंचा आलेख काढला. सुगंधी मेणबत्त्यांचं रेटिंग त्या वर्षात घसरलेलं दिसलं, बिनवासाच्या मेणबत्त्यांचं त्या मानाने फारच कमी. पुढे २०२२ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या निक बोशां यांनी त्यावर रीतसर शोधनिबंध लिहिला, की रुग्णसंख्या आणि 'वास नाही' या तक्रारी एकमेकांशी बांधलेल्या दिसतात. मेणबत्तीत खोट नव्हती, खोट विकत घेणाऱ्याच्या नाकात होती, आणि त्यातल्या कित्येकांना ते ठाऊकही नसावं.

मामांना हे सांगितलं. ऑक्टोबरात दूध करपवून बसलेला माणूस तो, त्यांना लगेच पटलं. इतकं पटलं की मलाच आवरावं लागलं. कारण प्रकरण एवढं सरळ नव्हतं. त्याच काळात मिसळ फक्त पार्सल जात होती. रस्सा प्लास्टिकच्या पाऊचमध्ये, मटकी डब्यात, फरसाण वेगळं पुडीत, पाव कागदात. घरी पोचेस्तोवर रस्सा कोमट. गार रश्श्याचा वास कमीच उठतो, तर्री वर साचून पाऊचला चिकटते आणि वाटीत पडतं ते खालचं पाणी. तेव्हा 'नुसतं तिखट पाणी' लिहिणाऱ्याचं नाक ठणठणीत असूनही ते वाक्य खरं असू शकतं. शिवाय ज्याला आम्ही एरवी बाकड्यावर तीन वेळा रस्सा वाढायचो, त्याच्या हातात आता मोजून एक पाऊच पडत होता, आणि किंमत तीच. मनात तेही असणार.

मग मी एक साधी गोष्ट केली. पार्सलच्या वहीत तारीख, वेळ आणि बिल नंबर असायचाच. पाच रिव्ह्यूंपैकी तीन कोणत्या दिवशीचे ते जुळवता आले. त्या दिवशी त्याच पातेल्यातलं पार्सल नेलेल्या ओळखीच्या घरांत फोन करून विचारलं. 'मस्त होती', 'नेहमीसारखी', 'जरा गार होती, पण चांगली'. म्हणजे पातेलं सुटलं. नाक की पाऊच, हे मात्र फोनवर ठरत नाही. आणि ज्याने लिहिलंय त्याला 'तुम्हाला कोविड आहे का?' असं दुकानदाराने जाहीर विचारायचं? त्या महिन्यात? मामा म्हणाले, विचार. मी नाही विचारलं. 'रस्सा पुन्हा उकळून घ्या, पाऊच आधी हलवा, तरी चव लागली नाही तर आम्हाला फोन करा' एवढंच सगळ्यांना लिहिलं.

फोन एकाचाच आला, जूनच्या सुरुवातीला. 'वासच येत नाही' लिहिणारे गृहस्थ. पार्सल नेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. "तुमची मिसळ बेचव लागली म्हणून बायकोवर चिडलो, मग चहाही बेचव लागला," म्हणाले. त्यांनी रिव्ह्यू बदलला, एकाचे पाच केले आणि कारणही लिहिलं. बाकी चौघांचं काय ते आजवर कळलेलं नाही. त्यांचे स्टार आहेत तिथेच आहेत. पाचपैकी एक उलगडला म्हणून मी पाचही नाकांच्या माथी मारणार नाही. पाऊचचा दोष आमचाच होता, आणि तो आम्ही मेमध्ये सुधारला. तर्री वेगळ्या छोट्या डबीत द्यायला लागलो.

रविवार, आणि मग सर्टिफिकेट

यापुढचं भराभर सांगतो, त्यात गूढ काही नाही. २०२१ च्या जूनमध्ये निर्बंधांचे स्तर आले. आमच्या वाट्याला आलेल्या नियमात सोमवार ते शुक्रवार चारपर्यंत निम्म्या क्षमतेने बसवायचं, शनिवार-रविवार फक्त पार्सल. मिसळीच्या दुकानाला रविवारी बाकडी लावू न देणं म्हणजे देवळाला एकादशीला कुलूप. गंगापूर रोडवरून, सिडकोतून, पार नाशिकरोडहून लोक गाड्या काढून यायचे आणि हातात पिशवी घेऊन परत जायचे. सोमवारी रिव्ह्यू: 'बसू दिलं नाही, वागणूक वाईट.' वागणुकीचा शब्द मामांना फार लागला. १५ ऑगस्टपासून वेळ रात्री दहापर्यंत झाली, कामगारांना दोन्ही डोस झालेले हवेत ही अट आली, आणि 'वागणूक वाईट' हा प्रकार ऑगस्टअखेर आपोआप थांबला. मामा काही त्या महिन्यात जास्त गोड बोलायला लागले नव्हते.

२७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने गिऱ्हाइकालाही दोन डोसांचं सर्टिफिकेट लागू झालं. नियम मोडला तर गिऱ्हाइकाला ५०० दंड, दुकानाला १०,०००. गल्ल्यावरच्या पोऱ्याने सर्टिफिकेट मागितलं की एक स्टार, नाही मागितलं की मामांची झोप उडायची. गूगलने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं की आरोग्याचे नियम किंवा लसीची सक्ती पाळल्याबद्दल दुकानाला शिव्या देणारे रिव्ह्यू काढून टाकण्यासाठी त्यांनी वेगळी व्यवस्था केली आहे. आमचे तसले चार निघाले. दोन राहिले, कारण त्यांत लसीबरोबर पापड नरम होता असंही लिहिलं होतं. पापड खरंच नरम असू शकतो, माझी तक्रार नाही.

सरासरी

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातले सगळे निर्बंध उठले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. गर्दी इतकी झाली की मामांनी दहाला पाव संपल्याची पाटी लावली. रेटिंग मात्र ४.२ वर बसलेलं.

मामांचा प्रश्न रास्त होता: "साथ गेली, मीठ सुधारलं, पाऊच गेला, लोक परत आले. मग आकडा का येत नाही?" त्यांना कागदावर हिशोब करून दाखवला. समजा ८०० रिव्ह्यू आहेत आणि सरासरी ४.४. त्यात ४० जणांनी एक स्टार दिला की सरासरी ४.२४ होते. ती पुन्हा पुरती ४.४ करायला पाच स्टारवाले किती लागतात? २२७. एक स्टार सरासरीच्या ३.४ ने खाली असतो, पाच स्टार फक्त ०.६ ने वर. एका रागावलेल्याला फेडायला जवळपास पावणेसहा खूश माणसं लागतात, आणि खूश माणसं लिहीत नाहीत. मामांनी कागद घडी घालून गल्ल्यात ठेवला. म्हणाले, "सोसायटीचं व्याज परवडलं."

गूगलची सरासरी सगळ्या रिव्ह्यूंची असते. २०२० मधला कुलपाचा स्टार आणि परवाचा जिलेबीचा स्टार, दोघांचं वजन सारखं. वाचणारा तारीख बघत नाही. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत, छापावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं. खोटे रिव्ह्यू रोखण्यावर त्याचा रोख आहे, आणि वऱ्हाडाच्या प्रकरणानंतर मला त्याची गरज पटते. पण आमच्या तक्त्यातले बहुतेक एक स्टार खोटे नव्हते. पेट्रोल खरंच वाया गेलं होतं, मिसळ खरंच बेचव लागली होती, रविवारी खरंच बसू दिलं नव्हतं. खऱ्या माणसांनी खरं लिहिलं होतं आणि तरी त्यातून आमच्या रश्श्याबद्दल फारच थोडं कळत होतं.

आम्ही केलं ते एवढंच. जुन्या रिव्ह्यूंखाली एकेक करून उत्तर लिहिलं, त्यात त्या दिवशीचा नियम तारखेसह घातला. 'तेव्हा ५ एप्रिलच्या आदेशाने बसून खाणं बंद होतं' वगैरे. भांडायचं नाही, चुकलं तिथे चुकलं म्हणायचं. नानाकाका म्हणाले होते, बिलावर छापा, 'पाच स्टार द्या'. ते केलं नाही. बिलाच्या मागे 'जे वाटलं ते लिहा' असं छापलं. त्यामुळे मधल्या आकड्यांचे, तीन-चार स्टारवाले, रिव्ह्यू वाढले. मामांना ते आवडत नाहीत. मला ते सगळ्यात कामाचे वाटतात, कारण पापड नरम असल्याचं त्यातच कळतं. रेटिंग सावकाश ४.३ झालं आणि तिथे थांबलंय.

मामांचा वास २०२१ च्या उन्हाळ्यातच परत आला, आधी फोडणीतल्या हिंगाचा, मग हळूहळू बाकीचा. पळी मात्र त्यांनी परत मागितली नाही आणि मामींनी दिली नाही.

मागच्या महिन्यात एक रिव्ह्यू आला. तीन स्टार. 'मसाला पूर्वीसारखा लागत नाही.' मामांचा पुण्याला फोन: "भाचेबुवा, या माणसाला जरा विचार, सर्दी-बिर्दी आहे का?" मी हसत होतो तेवढ्यात मागून मामींचा आवाज आला. "अहो, सर्दी कसली? यंदा नंदुरबारची मिरची मिळाली नाही, दुसरी घातलीय. त्याला कळलं बघा."